मुंग्या आल्या का?

माझी धरलेली मान खामगावच्या एका अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंनी सुया लावून सोडवली आणि मी हट्टानं त्यांच्याकडेच शिकायला बसले. घरच्यांनी टिंगल केली, करोत बापडे. पुढे अमडापूरच्या बाजाराच्या दिवशी मला पिंजारी चाचीच्या दुकानात जागा मिळाली. नव्या भरलेल्या गादीवर चाचीनं चादर अंथरली आणि म्हणाली, "बैठ बेटी." बायांनी आधी नाकं मुरडली. "औषध नाही त सुई कायची?" पण कापूस वेचून वेचून सगळ्यांचेच खांदे गेलेले. दोघीतिघींना आराम पडला आणि गर्दी व्हायला लागली. सुई लावली की मी विचारायचे, "मुंग्या आल्या का?" आल्या म्हणजे सुई नेमकी बसली.

कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा आता फवारणी सुटली, असं जो तो म्हणायचा. कसली सुटते! अळी परत आली आणि पाठीवरचा पंप उतरेना.

अशाच एका बाजाराच्या दुपारी, खांद्यासाठी माझ्याकडे येणारी एक बाई नवऱ्याला घेऊन आली. दीर मोटारसायकल चालवत होता, मधे नवरा, आणि मागून ही त्याला कवटाळून बसलेली. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, अंगाला फवाऱ्याचा उग्र वास होता, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झाल्या होत्या. चिखलीच्या दवाखान्याचा रस्ता सोडून ती माझ्याकडे आली होती, कारण तिचा खांदा मी बरा केला होता.

"ताई, यायले सुया लावा. जहर उतरवा."

"हे सुईचं काम नाही, बाई. चिखलीले न्या, आत्ताच्या आत्ता."

"काऊन? मले लावता, मंग यायले काऊन नाही?"

तिनं माझे पायच धरले. मला इतका संताप आला की मी तिच्यावर ओरडले. चाचीनं बादली आणली, दिरानं त्याचे कपडे काढून अंग साबणानं धुतलं, तोवर मी रस्त्यावर जाऊन एक टेम्पो अडवला.

टेम्पोत मी त्याला कुशीवर धरून बसले. तिनं त्याचा हात मांडीवर घेतला. तिला मी जिथं जिथं सुया लावायचे, तिथं तिथं ती अंगठ्यानं दाबत होती.

"मुंग्या आल्या का हो? सांगा ना. आल्या का?"

तिला थांबवायची माझी छाती झाली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "इतका वेळ कुठं होते?"

"ताईकडं नेलं होतं," ती म्हणाली. किती विश्वासानं म्हणाली! धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

वेचणी सुरू झाली तशी ती परत आली. गादीवर बसून तिनं खांदा पुढे केला.

"हात वरतं होत नाही, ताई. अन् कापूस त वेचाच लागते."

मी सुई लावली. नेहमीचा प्रश्न काही केल्या माझ्या तोंडून निघेना. शेवटी तिनंच सांगितलं.

"आल्या, ताई."