आपलं नाव यादीत नाही

अठ्ठावीस वर्षं शाळेत खडू मी झिजवला, आणि मनोरीत मास्तर म्हणतात माझ्या चुलतभावाला! का, तर तो कंप्युटरवाला. कुणाचा फोन अडला, कुणाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा राहिला, की 'मास्तर, जरा बघा ना.' ह्युबर्ट माझ्याहून सहाच महिन्यांनी मोठा आणि आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मी त्याला मास्तरही म्हणत नाही आणि दादाही म्हणत नाही. ह्युबर्ट म्हणते. डोकं फिरलं की गाढवा म्हणते.

मालाडच्या एका छापखान्यात तो बावीस वर्षं होता. छपाई कमी झाली तेव्हा मालकाने वेबसाइट बनवायची कामं घेतली आणि ह्युबर्टच्या हातात पीएचपीचं हे एवढं जाड पुस्तक ठेवलं. वेबसाइट आतून ज्या भाषांत लिहितात त्यातली ती एक. खाडीपलीकडच्या मार्व्याच्या बोटीत बसून, जाता-येता वाचून, पठ्ठ्या शिकला. पुढे त्याची बायको पर्पेच्युआ गेली. तिच्या कपाटात फोटोंचे दोन डबे निघाले आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, कोण, कुठे, कुणाच्या लग्नात. ह्युबर्टने ते सगळे फोटो पाठीवरच्या मजकुरासकट एका वेबसाइटवर चढवले. मग गावातली बाकीची घरंही आपापले डबे घेऊन आली. दुबईतली, कॅनडातली आमची माणसं त्या साइटवर एकमेकांच्या आजोबांच्या मिशांना हसायला लागली.

साइट फक्त गावातल्यांसाठी होती. एकदा एका रिसॉर्टवाल्याने आमच्याच एका नवरीचा जुना फोटो उचलून जाहिरातीत लावला, तेव्हा गावात केवढा दंगा झाला होता! त्यानंतर ह्युबर्टने यादी केली. प्रत्येक घरातली माणसं आणि त्यांचे ईमेल. यादीत नाव असेल त्याचंच खातं उघडायचं. यादी लिहायला अक्षर माझं होतं.

त्याच्या घराच्या रकान्यात दोन नावं होती. ह्युबर्ट आणि जोॲन, त्याची एकुलती एक मुलगी.

जोॲनचं लग्न ठरलं. मांडव पडला, नवरीच्या आंघोळीचं उंबराचं पाणी वाजतगाजत आणायला बँड सांगून झाला, आणि लग्नाला दोन दिवस असताना ती अंगणात उभी राहून म्हणाली, 'डॅडी, मला हे लग्न नाही करायचं.' मुलात काही खोट नव्हती. तिचं मनच होत नव्हतं, एवढंच. पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात ह्युबर्ट ओरडला, 'आजपासून या घरात तुझं नाव नाही!' आणि मी शहाणी, मी वर म्हणाले, 'तुझी आई असती तर आज शरमेने मेली असती.' माझी जीभ त्या वेळी झडायला हवी होती. पोरगी एक बॅग घेऊन दुपारच्या बोटीने मार्व्याला उतरली. नंबर बदलला. चार वर्षं झाली त्याला.

ह्युबर्टने त्याच दिवशी यादीतून तिचं नाव काढलं. मला वाटलं, संपलं. बाप दगड झाला.

यंदा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत सर्व्हरवाल्यांची नोटीस आली, जुनी पीएचपी बंद होणार, नवीन घ्या. ह्युबर्टने साइट नव्यावर नेली. आणि जुने पासवर्ड जुन्या पद्धतीने ठेवलेले आहेत, कुणी चोरले तर गावाची अब्रू जाईल, म्हणून सगळ्यांचे पासवर्ड पुसून टाकले. ईमेलवर लिंक येईल, नवीन पासवर्ड करा! निम्म्या गावाला ती लिंक सापडेना. माझ्या ओट्यावर बायकांची रांग लागली, 'लिओना, तुझ्या भावाने काय करून ठेवलंय?'

तेव्हा त्याने ठरवलं की गूगल आणि फेसबुकची बटणं बसवायची. पासवर्डची कटकटच नको. मला समजावलं ते मला आवडलं. म्हणाला, 'दुसऱ्या पॅरिशमध्ये लग्न असेल तर आपला फादर चिठ्ठी देतो ना, की हा आमचा माणूस? तिथला फादर मग पुन्हा ओळख विचारत नाही. तसं गूगल चिठ्ठी देणार. नाव, ईमेल, फोटो. आपण चिठ्ठी बघून आत घ्यायचं.'

मी म्हटलं, झकास. पण आठ दिवसांत त्या माणसाची दशा बघवेना. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. सकाळी पडवीत लॅपटॉप घेऊन बसला की जेवायला उठायचा नाही. चिठ्ठी घेऊन माणूस ज्या पत्त्यावर परत येतो तो पत्ता गूगलला आधी कळवावा लागतो, आणि तो जुळत नाही असं सारखं उत्तर येत होतं. तीन दिवस! शेवटी सापडलं काय, तर पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त होती. त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की त्याच्यासाठी तळून आणलेले फुगे माझ्या हातातल्या ताटलीतून उडाले.

'अरे गाढवा,' मी म्हटलं, 'चार म्हाताऱ्यांना फोटो दिसले नाहीत म्हणून जीव देणार आहेस का?'

'म्हाताऱ्यांसाठी नाही करत गं.' तो माझ्याकडे बघेना. 'जोॲन येत होती.'

'कुठे येत होती?'

'साइटवर. तिचं नाव यादीतून काढलं, पण जुनं खातं बंद नाही केलं. हात होईना. यादी फक्त नवीन माणसासाठी बघतो मी, जुन्याला नाही. दर रविवारी नऊ-चाळीसला यायची. आईचे फोटो बघायची आणि जायची. शेवटची हजेरी असा एक रकाना असतो, त्यात दिसतं. चार वर्षं, लिओना, एक रविवार चुकला नाही. मी चर्चमधून, मिस्साहून आलो की आधी तो रकाना बघायचो, मग चहा घ्यायचो.'

'मग आता?' मी विचारलं.

'तिच्या खात्याला तिच्या जुन्या ऑफिसचा ईमेल आहे. ते ऑफिस तिने सोडलं असणार. नव्या पासवर्डची लिंक तिकडे गेली आणि परत आली. पासवर्ड मी पुसला. माझ्या हाताने. आता ती जिवंत आहे की नाही हेसुद्धा मला कळायचा रस्ता नाही.'

एवढं बोलून त्याने पुन्हा मान खाली घातली आणि टाइप करायला लागला. मी फुगे तिथेच ठेवले आणि घरी येऊन पर्पेच्युआच्या फोटोसमोर बसले.

बटणं चालू झाली. गावात आनंदीआनंद! ज्याला त्याला आपला फोटो नावाशेजारी गोल चौकटीत दिसायला लागला. कुणाचं गुलाबाचं फूल, कुणाची वेलंकणी माता, एकीचा तर नुसता नातू. आठवड्यात साठ माणसं आत आली. जोॲन आली नाही. पहिला रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. नऊ-चाळीस झाले की ह्युबर्ट पडवीतून उठून विहिरीपर्यंत जायचा आणि परत यायचा. तिसऱ्या रविवारी म्हणाला, 'संपलं. तिनेही नाद सोडला.' त्याचा आवाज ऐकून मला भीती वाटली. इतक्या हळू तो कधी बोलत नाही.

मंगळवारी मी माझ्या नवीन फोनवरून बटण दाबलं. फोनवाल्याने त्यात नवा ईमेल करून दिला होता आणि माझं नाव चुकीचं टाकलं होतं, ते काही यादीत नव्हतं. पडद्यावर काय यावं? 'आपलं नाव यादीत नाही. आपण या गावचे नसल्यास कृपया परत जावे.'

माझं डोकं सणकलं. तशीच फोन घेऊन पडवीत गेले. 'मी परत जाऊ? माझी नाळ पुरलीय या गावात! हे कुणी लिहिलं?'

'मीच. जुनंच आहे ते, रिसॉर्टवाल्यांसाठी लिहिलं होतं.'

'मग असं किती जणांना हाकललंस, ते तरी लिहून ठेवतोस का?'

ह्युबर्टने लॅपटॉप पुढे ओढला. ठेवत होता. बाहेरचं कोण डोकावतं ते कळावं म्हणून नाकारलेल्यांची वेगळी नोंद साइट आपोआप ठेवत होती आणि तो महिनाभर फक्त आत आलेल्यांचा रकाना बघत बसला होता. त्याने ती नोंद उघडली. सगळ्यात वर मी होते. माझ्याखाली जोॲन. रविवार, नऊ-चाळीस. तिच्याखाली पुन्हा जोॲन, आदला रविवार. तिच्याखाली पुन्हा.

नवा ईमेल होता तिचा. नवा ईमेल म्हणजे साइटच्या लेखी नवीन माणूस, आणि नवीन माणसाचं नाव यादीत बघायचं. यादीत ते नव्हतं. ते त्यानेच काढलं होतं.

'मी पुन्हा तेच बोललो तिला,' ह्युबर्ट म्हणाला. 'तीनदा बोललो, लिओना. ती दारात येत होती आणि मी तिला तेच तेच सांगत होतो.'

'मग आता लिही तिला! ईमेल समोर आहे.'

'तो तिने साइटला दिलाय. मला कुठे दिलाय?'

'आग लाव तुझ्या नियमांना!' मी इतकी ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. 'नियमानेच घालवलीस ना पोर? आणि मीही बोलले होते. माझंही लिही त्यात. लिओना आंटी चुकली म्हणून लिही.'

आधी त्याने यादीत नाव घातलं. तीन अक्षरांचं नाव, पण दोनदा चुकलं. मग ते परत जा वालं वाक्य काढून टाकलं. मग ईमेल उघडून तासभर बसला. एवढा कोड लिहिणारा माणूस, त्याला एक ओळ लिहिता येईना. शेवटी लिहिलं ते असं. 'जोॲन, तुझं नाव यादीत घातलं आहे. ते काढायला नको होतं. लिओना आंटी म्हणते, तीही चुकली. डॅडी.'

बुधवार, गुरुवार, शुक्रवार उत्तर नाही. रविवारी तो मिस्सालासुद्धा आला नाही, लॅपटॉपसमोर बसून राहिला. नऊ-चाळीस झाले. दहा झाले. अकरा झाले. मी जेवण घेऊन गेले, ते तसंच राहिलं. म्हणाला, 'तीन वेळा हाकलल्यावर चौथ्यांदा कोण येईल?' मीही तेच म्हणत होते मनात.

सोमवारी सकाळी मी मासळी साफ करत होते. ह्युबर्टच्या पडवीतून हाक आली, 'लिओना!' असा आवाज की मी हात न धुताच धावले.

रकान्यात जोॲनचं नाव होतं, आताच्या वेळेचं. शेजारी गूगलने पाठवलेला फोटो, गोल चौकटीत. फोटो आताचा नव्हता. पाच-सहा वर्षांची जोॲन, उन्हाने डोळे बारीक केलेले, कुणाच्या तरी खांद्यावर बसलेली. गोल कापल्यामुळे खालचा माणूस गेला होता. फक्त त्याची गवती टोपी तेवढी आली होती आणि ती दोन्ही मुठींत धरून पोरगी हसत होती.

हा फोटो आम्हा दोघांनाही ठाऊक होता. पर्पेच्युआच्या डब्यातला. पाठीवर तिने लिहिलं होतं, 'जोॲन आणि तिचा घोडा, मार्वे जेटी.'

ह्युबर्टने पडद्यावरच्या टोपीवर बोट ठेवलं. चार वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

'घोडा अर्धाच आलाय गं,' तो म्हणाला.