पालथ्या करवंट्या

नोकरीची शेवटची काही वर्षं मी एका समन्वय समितीचं इतिवृत्त लिहिण्यात घालवली. समिती किनाऱ्याची. उपनगरातल्या खाड्या, खाजणं, तिवरं, धक्के आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसं यांचा कारभार सहा खात्यांत वाटलेला होता. त्या सहा खात्यांना महिन्यातून एकदा अंधेरीच्या आमच्या कार्यालयात एका टेबलाभोवती आणून बसवायचं, एवढंच समितीचं काम. खात्यांची नावं नीट सांगत बसत नाही. पेन्शन चालू आहे, आणि माणसंही वाईट नव्हती.

उलट मला त्यांचा लळाच लागला होता. खाडीत पाणी असेतोवर बंदरवाले बोलायचे. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की महसूल जागा व्हायचा. चिखलात तिवराचं एखादं रोप दिसलं, की खारफुटीच्या बाई चष्मा चढवून "ते आमचं" म्हणायच्या. मासा पोहत असला तर मत्स्यवाल्यांचा, धक्क्यावर आला की पुन्हा बंदरवाल्यांचा, आणि कुजला की सफाईवाल्यांचा. मोजणीवाले साहेब यातल्या कशावरच हक्क सांगायचे नाहीत, फक्त प्रत्येकाच्या नकाशात चूक दाखवायचे. दर बैठकीला एकदा तरी खडाजंगी व्हायची. मग चहा यायचा, आणि सगळे एकमेकांच्या मुलांच्या दहावीची चौकशी करायला लागायचे.

हे सगळं उतरवून घ्यायचं काम माझं. मला बारीकसारीक लिहायची खोड आहे. वडील गिरणीत कापड तपासायचे. एक धागा सुटलेला असला तरी त्यांचं बोट नेमकं तिथे जायचं. ते माझ्यात उतरलंय. आमचे अध्यक्ष साहेब इतिवृत्त वाचून म्हणायचे, "अहो, हे इतिवृत्त आहे की पंचनामा?" सगळे हसायचे. मला राग यायचा, आणि पुढच्या खेपेला मी मुद्दाम दोन ओळी जास्त लिहायचो.

तर त्या वर्षी किनाऱ्याचा नवा आराखडा व्हायचा होता. प्रत्येक कोळीवाड्यात होड्या कुठे ओढतात, जाळी कुठे शिवतात, मासळी कुठे सुकवतात, हे नकाशात दाखवायचं. जे दाखवलं ते राहणार. जी जागा मोकळी दिसेल, तिथे दुसरं काहीतरी येणार. बोरिवलीच्या पश्चिमेला खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा आहे. तिथल्या काठावरच्या मैदानाचं काय, हे सहाही खात्यांनी एकत्र जाऊन बघायचं ठरलं.

सहा जणांची एक तारीख जुळवणं म्हणजे काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मार्चमध्ये वर्षअखेर. मे महिन्यात निम्मे रजेवर, निम्मे प्रशिक्षणाला. जूनमध्ये खारफुटीच्या बाईंकडे वृक्षारोपण. शेवटी सगळ्यांना सोयीचा एकच दिवस निघाला, तो भर आषाढात. मत्स्यवाले साहेब तर खूषच झाले. म्हणाले, "झकास! पावसाळी बंदी आहे, होड्या काठावर, माणसं घरात. सगळे भेटतील."

आम्ही गेलो. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, सहा छत्र्या, सहा नकाशे, आणि मी. मैदानात गवत आणि चिखल याखेरीज काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या घराच्या दारात एक म्हातारी कोळीण उभी होती. ती म्हणाली, "काय बघता रं एवढ्या पावसात?"

"जागा बघतोय, मावशी," मत्स्यवाले म्हणाले.

"बघा, बघा. जागा हाय तिथंच हाय. मी च्या ठेवते," असं म्हणून ती आत गेली.

तेवढ्यात माझा पाय कशावर तरी घसरला. बघतो तर चिखलात पालथी घातलेली नारळाची करवंटी. मी ती उचलली आणि कुणी पडू नये म्हणून लांब भिरकावून दिली. पुढे आणखी एक होती. तिच्यापुढे आणखी एक. मावशीचा चहा आला, आम्ही उभ्याउभ्या प्यायलो, वेलची घातलेला, फार चांगला होता. आणि अंधेरीला परत येऊन मी लिहिलं:

"सदर जागा मोकळी व वापरात नसल्याचे आढळले. जागेवर नारळाच्या पालथ्या करवंट्या रांगेने, साधारण दोन-दोन पावलांच्या अंतरावर पडलेल्या दिसल्या. सदर कचरा सफाई खात्याने उचलावा."

कचरा कधी रांगेने पडतो का? आज शेंबडं पोरही हे विचारेल. मी लिहिलं, सहा जणांनी सह्या केल्या, आणि कुणालाच काही वाटलं नाही. साहेबांनी तेवढं "पंचनामा" म्हणून घेतलं. वर कहर म्हणजे, आमच्या समितीचा कुठलाही ठराव कधी वेळेवर पार पडला नसेल, पण हा आठ दिवसांत पार पडला. सफाईवाल्यांनी मैदान लख्ख केलं.

त्यानंतरच्या रविवारी मी आईकडे नाहूरला गेलो होतो. तिने मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करून ठेवलेल्या डब्यातून सुके बोंबील काढले, भाजले, आणि पहिल्या वाफेच्या भाताबरोबर वाढले. जेवताना मी सहज सांगितलं, की कोळीवाड्यात जाऊन आलो, मैदान रिकामंच पडलंय, कोणी काही सुकवत नाही तिथे.

आईचा हात थांबला. "पावसात मासो सुकवतंत?" ती म्हणाली. "अरे, आषाढात बघूक गेलात तर मोकळाच दिसतला मा! ह्या ताटात असा ता खंय सुकला असतला?"

मालवणातल्या बाईचा मुलगा मी. मे महिन्यात ह्याच बोंबलांच्या पिशव्या उचलून आणणारा मी. पण मी काय म्हणालो? "तुला काय कळतं गं सरकारी कामातलं." तिने आणखी एक बोंबील माझ्या पानात टाकला.

त्याच सोमवारी मी साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. निवृत्तीला काही महिने उरले होते, सहा जणांच्या सह्या झाल्या होत्या, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं चुकलं म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. मनात म्हटलं, मत्स्य खातं आहे ना, ते बघेल. तेही मनात असंच काहीतरी म्हणत असणार. कच्चा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात त्या मैदानाला फिकट हिरवा रंग दिला होता आणि वर लिहिलं होतं, "खाडीकाठचे उद्यान."

पाऊस गेला. नव्या बोंबलांचे दिवस आले, आणि एका बैठकीच्या दिवशी पाच कोळणी कार्यालयात आल्या. पुढे तीच मावशी, नऊवारी, डोक्यात अबोलीची वेणी. तिने सगळ्या टेबलावरून नजर फिरवली आणि विचारलं, "आमच्या सुकवणीवर बाकडी कोण बसवतंय?"

साहेबांनी तिला खुर्ची दिली. मग तिने सांगितलं ते असं. बोंबील सुकवायला खांब पुरून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात, त्या मांडणीला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांच्या तोंडात तोंड अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची. प्रत्येक घराचे खांब ठरलेले, खांबांचे खड्डे ठरलेले. तिचे खड्डे तिला तिच्या सासूने दाखवले, सासूला तिच्या सासूने. पावसाच्या आधी खांब उपटून घरात ठेवायचे आणि प्रत्येक खड्ड्याच्या तोंडावर करवंटी पालथी घालायची, म्हणजे खड्डा गाळाने भरत नाही, आणि आपला कुठला ते कळतं.

"ह्या वर्षी खांब रोवायला गेलो, तर एक करवंटी नाय," ती म्हणाली. "सगले खड्डे बुजलेले. आमी पाच बायकांनी दोन दिस हातांनी चाचपून काढले. माजी दोन अजून गावली नायत."

मी मान खाली घालून लिहीत होतो. खरं तर नुसतं पेन फिरवत होतो.

मोजणीवाले साहेब सज्जन माणूस, पण नियमाचे पक्के. ते म्हणाले, "मावशी, खांब आज आहेत हे मान्य. पण आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ते उभे राहिलेत. त्याच्याआधी होते, याला कागद काय?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कागद कसला असणार? सगळं त्यांच्या पायांना पाठ. अध्यक्ष साहेब खुर्चीत सरकले. पुराव्याशिवाय रंग बदलता येणार नव्हता आणि हरकती घ्यायची मुदत त्या आठवड्यात संपत होती. मावशीने पदराने तोंड पुसलं. ती रडत नव्हती, पण तिचा चेहरा मला बघवेना. तिने मला वेलची घातलेला चहा पाजला होता, आणि मी तिच्या सासूने दाखवलेल्या खड्ड्याला कचरा म्हटलं होतं.

"कागद आहे, साहेब," मी म्हणालो.

समितीच्या बैठकीत मी कधी तोंड उघडत नसे, त्यामुळे सगळे दचकलेच. मी फाइल काढली आणि आषाढातलं इतिवृत्त मोठ्याने वाचलं. पालथ्या करवंट्या. रांगेने. दोन-दोन पावलांच्या अंतरावर. सहा सह्या. तारीख.

"कचरा हा शब्द माझा," मी म्हणालो. "चूक माझी. खड्डे तेव्हाही होते, आपण त्यांच्यावर उभे राहून चहा प्यायलो. आईने मला पावसाळ्यातच सांगितलं होतं, तरी मी गप्प बसलो. आणि त्यातली एक करवंटी मी स्वतःच्या हाताने काढून फेकली."

सफाईवाल्यांनी कपाळाला हात लावला. मग खारफुटीच्या बाई म्हणाल्या, "सही माझीही आहे." मग एकेक जण तेच म्हणाला. साहेबांनी इतिवृत्त माझ्या हातातून घेतलं, ती ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाले, "पंचनामाच आहे हा. बरं झालं." त्या वेळी मला राग आला नाही.

सहा खात्यांना दुसऱ्याच दिवशी सकाळी वेळ मिळाला, हे आमच्या समितीतलं दुसरं आश्चर्य. आम्ही गेलो तेव्हा मैदान ओळखू येत नव्हतं. उन्हात वलांड्यांच्या रांगा आणि त्यांच्यावर बोंबलांच्या जोड्या, वाऱ्यावर हलणाऱ्या. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. मी लावला नाही. मोजणीवाल्यांनी टेप काढला. खांबांमधलं अंतर दोन-दोन पावलं, रांगा सरळ. ते स्वतः गुडघ्यावर बसले, मावशीने दाखवलेल्या जागी माती उकरायला लागले, आणि तिचे न सापडलेले दोन्ही खड्डे त्यांनी टेपच्या हिशेबाने काढून दिले. मावशीने त्यांच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. ते एवढे लाजले, की नकाशा उलटा धरून सही करायला निघाले होते.

जाता जाता बंदरवाल्यांनी दोरीकडे बघत विचारलं, "पण एक सांगा, दोरीवर टांगलेला बोंबील आता कुठल्या खात्याचा?" पाचही जण विचारात पडले.

"तो माजा," मावशी म्हणाली.

हिरवा रंग गेला. नकाशावर तिथे आता बारीक आडव्या रेघा आहेत, म्हणजे सुकवणीची जागा. शुद्धिपत्र मी लिहिलं, माझ्या चुकीसकट. त्याबद्दल मला कुणी एक शब्द बोललं नाही.

मे महिन्यात मी निवृत्त झालो, आणि पुढच्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. "खांब काढतोय. येऊन जा."

मी नाहूरला आईला सांगायला गेलो. ती विळीवर बसली, नारळ खवला, करवंटी आतून बाहेरून घासून लखलखीत केली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "फेकलंस ती खंय गावाची नाय. ही घेवन जा," ती म्हणाली. "आणि येताना बोंबील घेवन ये."

मैदानात खांब निघाले होते. बायका खड्ड्यांवर करवंट्या घालत पुढे सरकत होत्या. मावशी एका उघड्या खड्ड्याशी उभी होती. तिने माझ्याकडची करवंटी घेतली, बोटाने टकटक वाजवून बघितली आणि माझ्याच हातात परत दिली.

"तूच काढलीस ना? मंग तूच ठेव."

मी गुडघे टेकले. करवंटी पालथी घातली आणि हलत नाही ना, हे दोनदा दाबून बघितलं. मावशीने वरून पायाने आणखी जरा बसवली.

"आता पुढल्या पावसात कोन बघायला आला तर सांग त्याला," ती म्हणाली. "जागा रिकामी नाय. झाकून ठेवलीय."