आघाडी आणि उघाडी

मी घाटावरचा. जासईजवळच्या एका गावात मास्तर म्हणून आलो तेव्हा मला महायुद्धांची कारणं तोंडपाठ होती आणि चिखलात धड चालता येत नव्हतं. आज जिथे कंटेनर रचलेत तिथे तेव्हा भातखाचरं होती. खाडीचं पाणी आत शिरू नये म्हणून मोठा बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात एक लाकडी दार. ती उघाडी, गावच्या बोलीत उघारी. ती फुटली की शेत खारवलं, मग काही वर्षं भाताचं नाव नको. म्हणून हाक आली की घरटी एक माणूस धावलाच पाहिजे, असा गावाचा दंडक.

पासष्टची लढाई सुरू झाली आणि माझं भाग्य उजळलं. गावात रेडिओ एकच, तोही शाळेत. बातम्या ऐकायच्या आणि ओट्यावर उभं राहून गावाला सांगायच्या, वर साम्राज्यवाद, सत्तासमतोल अशी पदरची फोडणी. समोर रोज एक म्हातारी बसे. तिचा एकुलता मुलगा लढाईवर होता. माझी सगळी कारणं निमूट ऐकून ती विचारी, "माजा पोऱ्या बरा हाय ना, मास्तर?" रेडिओ तेवढं सोडून सगळं सांगत असे.

एका सकाळी मी छाती फुगवून ओरडलो, "आघाडी फोडली!" आपल्या जवानांनी, शत्रूची, हे पुढचं तोंडातच राहिलं. "उघारी फोरली!" करत गाव फावडी-घमेली घेऊन बांधाकडे सुटलंसुद्धा. कुणी फोडली, याचं उत्तर तयारच होतं: पलीकडच्या गावानं. लगेच फावड्यांच्या जोडीला काठ्या आल्या. त्या पाहून पलीकडचेही काठ्या घेऊन निघाले. मी पायजमा सावरत मागून "अहो, आघाडी! आघाडी!" ओरडत होतो, आणि लोक आणखीच जोरात धावत होते. आयुष्यभर युद्धाची कारणं शिकवली, त्या दिवशी एक स्वतः पुरवलं.

उघाडी जागच्या जागी होती. दोन्ही गावांनी तिच्याकडे पाहिलं, मग गुडघाभर रुतलेल्या माझ्याकडे. हसूनहसून पुरेवाट झाली. मला बाहेर ओढलं तेही पलीकडच्यांनीच.

घरटी एक म्हणून धावत आलेली म्हातारीही हसली. मग म्हणाली, "मंग फुटली ती कंची?"

मी आघाडी समजावली. दोन्हीकडचे सैनिक समोरासमोर असतात ती जागा, तुमचा मुलगा आहे ती. "पण आपली नाही हो, शत्रूची फुटली."

ती बांधावर बसली. "कुनाची पन फुटूंदे. हितं नुस्ता ऐकला न सगला गाव धावला. तिकरं फुटली तं कोन धावतं, मास्तर?"

कारणं मला सगळी येत होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि मला रडू फुटलं.