तीन दिवसांचं पाणी

परीक्षानळी खिडकीसमोर धरायची, डावा डोळा मिटायचा आणि आपण काही बोलायच्या आत म्हणायचं, "अजून एकदां." टीचर मला आठवतात त्या अशा.

उत्तर चुकलं तरी अजून एकदां, बरोबर आलं तरी अजून एकदां. मुलं टेकीला यायची. सहावीत असताना मीही आले होते. ओल्या कापसावर उडीद रुजवायला सांगितले होते. माझे कुजले, म्हणून मी मैत्रिणीचे मोड आलेले चार दाणे उचलून नेले. टीचरनी ते निरखून बघितले. "छान आहेत. तुझे कुठें?"

"हे माझेच, टीचर."

"कुजलेले आण. टाकले असशील तर शोधून आण."

मी कचऱ्यातून शोधून आणले. त्यांनी ते नाकाशी धरले, वर्गभर फिरवले, आणि पाणी जास्त झालं की दाण्याचं काय होतं ते सबंध वर्गाला कळलं. मैत्रिणीचे मोड बघायचे राहूनच गेले. ती माझ्यावर आठवडाभर रुसली होती.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी बोलणारी जी थोडी घरं उरली आहेत, त्यांतलं एक त्यांचं, एक आमचं. तरी मी त्यांना कधी मावशी म्हटलं नाही, टीचरच म्हटलं. घरी त्या आमचं जुन्या वळणाचं मराठी बोलायच्या, शाळेत तमिळ. देवनागरी मला त्यांनीच शिकवली, सुट्टीत, मी नको नको म्हणत असताना. आज हे मराठीत लिहिते आहे, कारण तमिळमध्ये लिहायला बसलं की माझ्याकडून पत्रकच होतं.

पुढे त्यांची नेमणूक ओरत्तनाडूकडच्या एका खेड्यातल्या सरकारी शाळेत झाली. रोज बसचा प्रवास. बस उशिरा यायची, लोक कंडक्टरवर ओरडायचे. टीचर घड्याळ बघून वहीत लिहायच्या. महिनाभराने ती वही त्यांनी डेपोतल्या साहेबांसमोर ठेवली.

"तक्रार काय आहे, टीचर?" साहेबांनी विचारलं.

"तक्रार नाही. वाचा."

त्यानंतर त्या दिसल्या की कंडक्टर घाईघाईने शिटी वाजवायचा. बस मात्र उशिराच येत राहिली. "पण आतां किती उशीर ते अस्कें ठाऊक आहे की नाही?" असं त्या मला समाधानाने सांगायच्या. अस्कें म्हणजे सगळं. त्या समाधानाचा मला राग यायचा. स्पष्ट सांगते, अजूनही येतो. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आग लागली तरी ती आधी किती लागली ते बघतात.

मी पत्रकं लिहिते. कालव्यांसाठी, वाळूउपशाविरुद्ध, गावागावांत प्यायचं पाणी नळाने यावं म्हणून. माझी अक्षरं मोठी आणि ठळक येतात, म्हणून विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते रंगवायला टीचरनी मला शाळेत बोलावलं. बाकीच्या मुलांचे ज्वालामुखी होते, पवनचक्क्या होत्या; दोन तर दुकानातून आणल्यासारख्या गुळगुळीत. सातवीतल्या कयल नावाच्या मुलीने मात्र शाळेच्या आवारातला हापसा विषय म्हणून घेतला होता.

हापशाला लागून भाताची शेतं आहेत. शेतात खत पडतं, ते पाझरून जमिनीतल्या पाण्यात उतरतं. नळीतल्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे, खत असेल तर पाणी गुलाबी होतं, आणि तो रंग सोबतच्या कार्डावरच्या चौकोनांशी ताडून बघायचा. तिसऱ्या चौकोनापर्यंत पाणी पिण्याजोगं. त्यापुढे नाही. त्या हापशाचं पाणी सगळी शाळा पिते.

मी गेले त्या दिवशी कयलने पहिलं पाणी तपासलं. रंग सहाव्या चौकोनाचा आला, जास्वंदीसारखा. मी फोनवर फोटो घेतला.

टीचरनी डावा डोळा मिटला होता. "अजून एकदां. उद्या. आणि परवां."

"टीचर, मुलं रोज पितायत हे."

"म्हणूनच."

मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्रक छापून झालं होतं. वर गुलाबी नळीचा फोटो, खाली शाळेचं नाव, आणि माझ्या सगळ्यात मोठ्या अक्षरांत: तुमची मुलं विष पितात. बस स्टँडवर वाटलं, सरकारी कचेऱ्यांसमोर वाटलं. मी कयलला विचारलं नाही, टीचरना विचारलं नाही. विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्याच दिवशी कयलने दुसऱ्यांदा पाणी तपासलं. चौथा चौकोन. तिसऱ्या दिवशी तिसरा.

पंचायतीची माणसं शाळेत येऊन गेली. हेडमास्तरांनी कयलचा तक्ता काढून टाकायला सांगितलं. टीचर म्हणाल्या, "तक्ता राहील. तिन्ही दिवस राहतील." त्यांचा आवाज चढला नव्हता. तक्ता राहिला.

प्रदर्शनाच्या दिवशी तालुक्याचे एक अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. ज्वालामुखी बघून झाला, पवनचक्क्या झाल्या, आणि ते कयलसमोर उभे राहिले. हातात माझं पत्रक. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. मनात म्हटलं, साहेब, आता सापडलात.

"काय गं," ते म्हणाले, "यात लिहिलंय ते खरं का?"

कयलने टीचरकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"इकडे नको बघू," टीचर म्हणाल्या. "तक्त्याकडे बघून सांग."

बारा वर्षांची मुलगी. कानामागे गजरा, हातात पट्टी. तिने पट्टी पहिल्या नळीवर ठेवली. "हे पहिल्या दिवशीचं पाणी. मी ते घरच्या बाटलीत आणलं होतं. त्या बाटलीत माझे अप्पा शेताचं खत कालवतात. मी ती नीट धुतली नव्हती. पुढचे दोन दिवस शाळेची बाटली घेतली, तेव्हा रंग फिका आला." तिने पट्टी खाली घेतली. "पत्रकात पहिल्या दिवसाचंच आहे. ते चुकलंय."

अधिकारी मोकळेपणाने हसले. "ही खरी शास्त्रज्ञ," असं म्हणून त्यांनी तिची पाठ थोपटली. तिला पहिलं बक्षीस मिळालं, माझं पत्रक घडी होऊन त्यांच्या खिशात गेलं, आणि ते जायला निघाले.

"सर," टीचर त्यांच्या मागे गेल्या. "एक दिवस चौथा, एक दिवस तिसरा. हे काठावर आहे. प्रयोगशाळेत पाठवायला हवं."

"बघू, टीचर. मुलांच्या खेळावर किती धावायचं? आताच ती म्हणाली ना, चुकलं म्हणून."

ते गेल्यावर मी टीचरना गाठलं. ऐकून घेतलं नाही, भांडलेच. "एक दिवस गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? घाबरून तरी पाणी तपासलं असतं त्यांनी."

"मी कुठें बोललें? ती बोलली."

"तुम्ही बोलायला लावलंत."

"मग काय करायचें होतें? तिनें तुझ्यासाठीं खोटें सांगायचें?" त्या तक्त्याच्या टाचण्या काढत होत्या, एकेक टाचणी डबीत टाकत. "तीन दिवसांचा तक्ता घेऊन मीच जाणार होतें कचेरीत. काठावर आहे म्हटल्यावर तपासावेंच लागतें त्यांना. आतां कोणता तक्ता नेऊं? नेला की तुझें पत्रक पुढें धरतात."

"मी त्या मुलांसाठीच लिहिलं होतं."

"ठाऊक आहे गं," त्या म्हणाल्या. एवढंच. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तरीही त्या गेल्या कचेरीत. एकदा, दोनदा, किती वेळा ते मला माहीत नाही. त्यांच्या वहीत असेल. अर्ज दिले, पोच घेतली. पाणी न्यायला कुणी आलं नाही. वर्षाच्या मध्येच त्यांची बदली झाली, समुद्राकाठच्या एका गावी. कारण: प्रशासकीय. मी तावातावाने पत्रक लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीवर थांबले. त्या बदलीत माझा वाटा किती, हे मला मोजता येत नव्हतं.

गल्लीतल्या त्यांच्या घराला कुलूप आहे. टीचर आपल्या आईलाही घेऊन गेल्या. निघताना माझ्या आईला सांगून गेल्या, मी बाहेर होते. म्हणजे पत्रकं वाटत होते.

नळ यायलाच हवा, हे माझं म्हणणं आजही तेच आहे. एका रंगावर ते उभं करायची गरज नव्हती. पण उभं केलं मी, आणि ते पडलं ते माझ्या अंगावर पडलं नाही.

परवा त्या शाळेत गेले. यंदाचं प्रदर्शन होतं. नव्या सरांनी भिंतभर पवनचक्क्या लावल्या होत्या. पाण्याचा तक्ता कुणी केला नव्हता. आवारात हापशाजवळ कयल उभी होती, आता आठवीत, उंच झालेली. दांडा जड आहे, म्हणून मी तो धरला.

"अक्का," तिने विचारलं, "हे पाणी प्यायचं की नाही?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. ऊन होतं, सकाळपासून ती मॉडेलं उचलत होती. ती खाली वाकली, ओंजळ पुढे धरली आणि प्यायली. दांडा मीच मारत होते.