फुलाच्या बुडातली ओल

त्याला सगळे 'उद्या' म्हणत. तोंडावर उद्याकाका, पाठीमागे नुसतं उद्या. ज्याने हे नाव ठेवलं तो माणूस काम सोडून केव्हाच गेला, पण नाव राहिलं, कारण ते खोटं नव्हतं. खालून कोणी माळ्याकडे तोंड करून ओरडलं, "काका, फुलं झाली का?" की वरून एकच उत्तर येई. "उद्या."

गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या छपराची ती दुमजली इमारत. तिथे दंतमंजन बने, हिरड्यांना लावायचं लवंगतेल बने, फुटलेल्या ओठांचं मलम बने, आणि लहान मुलांच्या गालांना नि मोठ्यांच्या टाचांना लावायचं एक केशरी तेल बने. खाली कुटणं, गाळणं, बाटल्या भरणं. वर माळ्यावर वाळवणं. माळा त्याचा. लाकडी चौकटींवर ताणून बसवलेली जाळीची कापडं, एकावर एक नऊ थर, दोन्ही टोकांना पंखे, आणि ऊन येऊ नये म्हणून खिडक्यांना जाड पडदे. त्या अर्ध्या उजेडात तो बावीस वर्षं वावरला होता. खालच्या बायका म्हणत, काकांना बाहेर काढलं तर डोळे मिचकावतील घुबडासारखे.

पुदिना वाळवणं सोपं; दोन दिवसांत तो हातात चुरतो. ज्येष्ठमधाच्या मुळ्या हट्टी, पण सरळ. कस लागे तो झेंडूच्या जातीच्या त्या केशरी फुलाशी. त्याच्या पाकळ्या तिसऱ्या दिवशीच कागदासारख्या वाजायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं, झालं. पण पाकळ्यांखाली फुलाचं हिरवं, जाड बूड असतं, आणि ते पाणी धरून बसतं. आणखी चार दिवस, कधी पाच. तसं फूल तेलात घातलं की ते पाणी गुपचूप तेलात उतरतं. महिनाभर कोणाला पत्ता लागत नाही. मग तेल गढूळतं, आंबूस येतं, तळाला बुरशीचे दोरे धरतात.

म्हणून तो प्रत्येक चौकटीतून सात फुलं उचले. चार कोपऱ्यांतली चार, मधली तीन. नख बुडात घालून मोडे. वाकलं तर नाही. कट्कन तुटलं तर हो. सातांतलं एक जरी वाकलं तरी अख्खी चौकट आणखी एक दिवस.

"पाकळीवर जाऊ नका," तो नवीन माणसाला सांगे. "पाकळी म्हणजे पाहुण्यांपुढे घातलेले कपडे."

त्या फुलांच्या चिकाने त्याची बोटं कायमची पिवळट झाली होती. "चोरी तेवढी करू नका," बायको म्हणे. "पेल्यावरचे ठसे बघून पहिल्याच दिवशी धरतील." घरीही त्याची खोड जात नसे. उशीत हात घालून बघे, चादर गालाला लावून बघे, फडताळाच्या मागच्या भिंतीवर तळवा टेकून उभा राही. बायको शेजारणींना सांगे, "लग्नाला होकार द्यायचा होता तेव्हासुद्धा यांनी काय म्हणावं? उद्या सांगतो!"

आणि तिचेच दात हलले. याला काय म्हणायचं ते त्याला कळत नसे. इतकी वर्षं त्याने घरात मंजन आणलं, लवंगतेल आणलं; तिने ते मुकाट्याने लावलं. "तुमच्या लवंगेनं दुखणं झोपतं," ती म्हणाली, "दात काही उभा राहत नाही." डॉक्टरांनी खालचे पुढचे पाच दात काढायला सांगितले. बुधवारी, चार वाजता.

ही बाई कशालाच भ्यायची नाही. घरमालकाला नाही, कुत्र्याला नाही, नणंदेला तर मुळीच नाही. पण त्या बुधवारी सकाळी तिने त्याची बाही धरली. "याल ना? नक्की? की मलाही उद्याच?" ती हसली, पण बाही सोडली नाही.

त्या दिवशी फुलांचा पाचवा दिवस होता. खाली बरण्या धुऊन ठेवलेल्या, तेल कोमट करून ठेवलेलं, गाळणाऱ्या दोघी हातावर हात ठेवून बसलेल्या. नवा सुपरवायझर आधी चपलांच्या कारखान्यात होता. चामडं सांगितलेल्या वेळी तयार होतं, मग फूल का होत नाही, हे त्याला अजून कोणी समजावलं नव्हतं. "अहो काका, कोंबडी अंड्यावर बसते ती पण कधीतरी उठते!" तो जिन्याखालून ओरडला. बायका खिदळल्या.

तीन वाजले होते. नाही म्हणायचं तर चौकटी गरम भिंतीशी सरकवायच्या, तासातासाने फुलं उलटायची, सहाला पुन्हा मोडून बघायची, म्हणजे चारचा दवाखाना गेलाच. त्याने सातऐवजी तीन फुलं उचलली. पहिलं तुटलं. दुसरं तुटलं. तिसरं तुटताना किंचित वाकलं. फार नाही. एखादा माणूस उत्तर देण्याआधी जेवढा थांबतो, तेवढंच. त्याने ते तिसरं फूल सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"झाली," तो म्हणाला.

 खाली कोणीतरी टाळी वाजवली. "काकांना ताप आलाय का बघा गं!"

तो दवाखान्यात वेळेवर पोचला. बायकोने पाचही दातांच्या वेळी त्याची बोटं आवळून धरली, आणि कापसाचा बोळा धरलेल्या तोंडाने परत येताना इतकी बोलली की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं. सदरा धुवायला टाकताना तिला खिशात फूल सापडलं. तिने ते कचऱ्यात टाकलं. कामाचा कचरा त्याच्या खिशात नेहमीच असे.

दीड महिन्याने बाटल्या परत आल्या. एका दुकानातून चाळीस. एका आईने बाळाच्या गालाला लावायला झाकण उघडलं, वास घेतला आणि तशीच बाटली दुकानात नेऊन आपटली. बाळाला लावलं नाही, एवढं नशीब. सुपरवायझरने बाटली उजेडात धरली. तेल गढूळ. तळाला पाण्याचे मणी, त्यांत पांढुरका धागा.

"पाणी," तो म्हणाला. "म्हणजे बाटल्या ओल्या."

बाटल्या धुणारीला सगळे खळखळ म्हणत, कारण ती प्रत्येक बाटलीत गरम पाणी घालून ती तीनदा खळखळवी, दोनदा नाही, चारदा नाही, आणि मग खुंट्यांवर उलटी लावी. दोन मुली, नवरा परगावी कामाला, जीभ तिखट. हात पुसत ती बाहेर आली.

"माझी बाटली ओली? मी डोळा लावून आत बघते प्रत्येक बाटलीत! मुलीच्या कानात नाही बघत एवढं!"

"मग पाणी काय आकाशातून पडलं?"

"ते तुम्ही शोधा. शोधायलाच ठेवलंय ना तुम्हाला?"

असं बोलायला नको होतं. सुपरवायझर लाल झाला. बाटल्या भरायचं मशीन चालू होतं, त्यावरून तो ओरडला की हा निष्काळजीपणा आहे, दुसरं काही नाही, आणि याचा निकाल लागेपर्यंत तिने घरी बसावं. सगळे बघत होते. ती वळली. उद्याकाका जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा होता.

"काका, तुम्ही सांगा. माझी बाटली कधी ओली बघितलीत?"

तो म्हणाला, "बघू या."

तिने रबरी अ‍ॅप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि ती गेली.

त्या बुधवारची उरलेली दोन मुठी फुलं माळ्यावर एका डब्यात होती. डबा कोपऱ्यातल्या फळीवर, हाताच्या अंतरावर. तीन दिवस त्याने तो उघडला नाही. चौथ्या दिवशी उघडला. पाकळ्या अजून सुरेख केशरी होत्या. एक फूल मोडलं. बुडात राखाडी लव धरली होती, आणि वास तोच, बाटलीतला. दुसरं मोडलं. तेच. त्याने झाकण घट्ट लावलं आणि चौकटीच्या काठावर बसून राहिला. खाली बाटल्या धुण्याच्या जागेवर दुसरीच कोणी तरी होती. तिच्या हातात लय नव्हती.

सांगून टाकावं, एवढंच तर होतं. पण त्याच्याजवळ दुसरं काय होतं? तो कुटणारा नव्हता, गाळणारा नव्हता. त्याने बनवलेली अशी एकही वस्तू त्या इमारतीत नव्हती. त्याचं सारं काम म्हणजे एक शब्द, आणि तो खरा मानून खाली बरण्या उघडत. तो शब्द एकदा गेला की माळ्यावर एक म्हातारा उरतो आणि दोन पंखे. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. दर सकाळी तो जिना चढताना त्या खिळ्यावरच्या अ‍ॅप्रनकडे बघत नसे, आणि आपण बघत नाही आहोत हे त्याला प्रत्येक पायरीला कळत असे.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, बायको बेसिनशी उभी राहून उरलेले दात घासत होती. त्याने तिला सांगितलं. सगळं, खिशातल्या फुलासकट. तिने चूळ भरली, तोंड पुसलं.

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तसं नाही. तुझी वेळ चारची होती म्हणून..."

"हे बघा, माझे दात मध्ये आणू नका." दातांच्या फटीतून शब्द सुटत होते, पण आवाज पक्का होता. "दात माझे गेले, ते माझं मी बघेन. नाव तिचं जातंय. तुम्ही म्हणाला असता, आज जमत नाही, तर गेले असते मी एकटी. रडत गेले असते. पण गेले असते."

"कामावरून काढतील."

"काढतील. मग घरातल्या उशा तपासा. मी आहेच."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाटल्या भरायच्या खोलीत सगळे डबे उघडून बसले होते. मालकीणबाईही तिथेच, कोपऱ्यात, चष्मा कपाळावर चढवून. तो डबा घेऊन खाली आला. इतक्या वर्षांत जेवणाच्या वेळी तो कधी खाली आला नव्हता, म्हणून बोलणं आपोआप थांबलं.

त्याने डबा टेबलावर ठेवला, एक फूल काढलं, मोडलं आणि बाईंच्या पुढे धरलं. "वास घ्या."

बाईंनी घेतला. मान मागे घेतली.

"त्या बुधवारची फुलं. ओली होती. मला कळलं होतं. मी झाली म्हणालो."

"पण बाटल्यांत..." सुपरवायझर म्हणाला.

"बाटल्या कोरड्या होत्या. ओली बाटली एखादी निघते साहेब. चाळीसच्या चाळीस सारख्या गढूळ आहेत. पाणी तेलातच होतं. मी घातलेलं."

 एका बाईच्या हातातला घास हातातच राहिला. का म्हणून कोणी विचारेल असं त्याला वाटलं होतं. कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

"त्या दिवसाच्या किती बरण्या अजून खिडकीत मुरताहेत, गाळायच्या राहिलेल्या?" बाईंनी विचारलं.

"अकरा."

"रिकाम्या करा. तुम्हीच." मग जरा थांबून, "माळ्याची किल्ली इथे ठेवा. पुढचं मी ठरवीन."

किल्ली कमरेच्या करगोट्यासारखी कायम त्याच्या अंगावर असे. ती काढायला वेळ लागला. ती त्याने डब्याशेजारी ठेवली.

सुपरवायझरने बाटल्या धुणारीला फोन केला. तिने उचलला नाही. मग बाईंनी केला.

मंगळवारी ती आली, पण आत शिरली नाही. दारात उभी राहिली. सुपरवायझर तिच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

तो पुन्हा पुटपुटला.

"साहेब, त्या दिवशी मशीन चालू होतं तरी तुमचं मला सगळं ऐकू आलं होतं. तेवढ्याच आवाजात बोला. मशीन लावा रे कोणीतरी!"

कोणी मशीन लावलं नाही, पण तो मोठ्याने बोलला. चूक झाली, बाटल्या कोरड्या होत्या, असं. ती मान हलवून आत आली. खिळ्यावरचा अ‍ॅप्रन काढला, झटकला, बांधला.

मागच्या मोरीपाशी उद्याकाका बरण्या रिकाम्या करत होता. गाळलेली फुलं एका बादलीत, तेल दुसऱ्यात. कोपरापर्यंत हात केशरी. ती येऊन उभी राहिली तसा तो उठू लागला.

"बसा," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सहा दिवस," तो म्हणाला. "डबा उघडला तेव्हापासून."

 बादलीत तेल ठिबकत होतं.

"नाही," तो म्हणाला. "सहा नाही. पायरीवर उभा होतो, तेव्हापासूनच. तुम्ही विचारलंत तेव्हाही."

"माझ्या धाकटीनं रोज विचारलं, आई, आज का घरी. काय सांगणार होते मी?"

त्याने हातातली बरणी खाली ठेवली.

तिने त्या बरण्यांकडे बघितलं. चार रिकाम्या झाल्या होत्या, आतून तेलाने माखलेल्या. त्याने त्या थंड पाण्याने विसळल्या होत्या आणि काचेवर तेलाचे ओघळ तसेच होते. तिने एक उचलली, डोळा लावून आत बघितलं.

"हे धुणं म्हणायचं?" ती म्हणाली. "पाणी तापवा. चांगलं चटका बसेल असं. आणि सरका थोडे, मला हात घालायला जागा द्या."

तो सरकला.