ॲडमिशन कोण घेतंय?

वर्ग एकदा हसला, तेव्हापासून नववीतल्या माझ्या लेकीने विज्ञानात प्रश्न विचारणंच सोडलं. म्हणून मी समजून घेणारी शिकवणी शोधत होते. मिरा रोडला अशा शिकवण्यांचा सुकाळ आहे. सिल्व्हर पार्कच्या सरांनी तर मलाच इतकं समजून घेतलं, की लेकीचं नाव विचारायला त्यांना वेळच उरला नाही.

शेवटी बेव्हर्ली पार्कमधल्या एका बाईंकडे गेलो. गाउनवर ओढणी, हाताला कणीक. भिंतीवर एकाही टॉपरचा फोटो नाही. माझा विश्वास अर्थातच उडाला.

"काय अडतंय गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"तिला ना, प्रकाशाचा धडा..." मी सुरू झाले.

बाई गोड हसल्या. "ॲडमिशन तुम्ही घेताय का? मग हिला बाहेर बसवू या."

बाई बोटांची कणीक काढत निवांत थांबल्या. बऱ्याच वेळाने लेक फरशीकडे बघत म्हणाली, "पाण्यातून माशाला आपण कसे दिसतो?"

"अरे वा! बस, चित्र काढून बघू," बाई म्हणाल्या. मला त्यांनी दार दाखवलं, अगदी आदराने.

परतताना रिक्षात लेक सारखी बोलत होती. मी एकदाच तोंड उघडलं.

"मम्मी, थांब ना, माझं संपलं नाही अजून!"