अण्णा, थरथरणारे पट्टे आणि अजिंठा

अण्णांनी हट्टच धरला होता की क्रांती चौकात चहाला एकटे जाणार. अण्णा माझे वडील; दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर पूर्ण गेली, तेव्हापासून मी त्यांना एकटं कुठे सोडलेलं नाही. शेवटी मी दोन मनगटी पट्टे आणले. मी फोनवर बटण दाबायचं. उजवा पट्टा थरथरला की उजवीकडे वळा, डावा थरथरला की डावीकडे, दोन्ही मिळून म्हणजे थांबा. सरावाला अजिंठ्याला जाऊ, असं अण्णाच म्हणाले. तरुणपणी तिथल्या डोंगरावर त्यांनी मेंढरं चारली, पण लेण्यांत जायचं राहूनच गेलं.

सोमवारी लेणी बंद, म्हणून मंगळवारी सकाळच्या एसटीने निघालो. फर्दापूर फाट्यापर्यंत तीनेक तास धरून चाला. गाडीत मी पट्टे तपासले आणि धास्तावलेच. "पट्टा वाजायलाय का गाडी, कळंनाच," अण्णा म्हणाले. तुम्ही असे पट्टे घेणार असाल, तर एसटीच्या हादऱ्यांत त्यांचा भरवसा धरू नका, आणि बाहीवरून तर बांधूच नका. फाट्यावर पिठलं-भाकरी खाल्ली. अण्णा दोन भाकरी जेवले, मी पुन्हा पट्टे तपासत बसले. तिथून पुढे लेण्यांच्या बसने गेलो.

पायऱ्या संपल्या तसा त्यांनी माझा हात सोडला. उजवीकडे लेणी, डावीकडे दरी. मी चार पावलं मागे होते. ते जरा दरीकडे कलले म्हणून मी उजवं बटण दाबलं, तर ते आणखी डावीकडे गेले. पुन्हा दाबलं, मग दाबतच राहिले. ते कठड्याला घासत चालले होते आणि पुढे कठडा संपून नदीकडे पायऱ्या उतरत होत्या. दोन्ही बटणं दाबायचं किंवा हाक मारायचंही सुचलं नाही. धावत जाऊन मी त्यांचा सदरा धरला.

"उजवीकडं वळा म्हणत होते ना मी!"

"उजव्या अंगाला काठी टोचली की मेंढरू डावीकडं सरतं," ते शांतपणे म्हणाले. "मीबी सरलो. किती टोचायलीस."

घरात बसून विचारलं तेव्हा सगळं बरोबर सांगत होते. चालायला लागल्यावर अंगाला जुनीच सवय आठवली. मी तिथेच बसले. मग दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल केली, आणि पुढची सगळी लेणी ते बिनचूक चालले. निघताना एवढंच म्हणाले, "सारखं टोचलं तर मेंढरू काठी मानीत नाय. चुकलो तरच टोच."

परत येऊन आठवडा झालाय. पट्टा मी कधी बांधला नाही, तरी माझंच मनगट मधूनच थरथरल्यासारखं होतं. काल अण्णा चौकात निघाले, मी वीस पावलं मागे, अंगठा बटणावर. रस्ता ओलांडताना ते थांबले, कान दिला, एक रिक्षा जाऊ दिली आणि निघाले. माझा अंगठा आखडून गेला होता.

चहावाल्याच्या बाकावर मी शेजारी जाऊन बसले, तेव्हा त्यांनी मनगट पुढे केलं. "पट्टा बंद पडलाय का बघ गं. वाजलाच नाय."

"चालू आहे, अण्णा," मी म्हणाले.